मेंढरांमागचा कुत्रा सशामागे सुटतो, हाक ऐकत नाही: कारण शोधा, मग उपाय करा

बाजरी आणि मका निघाला, दिवाळी उरकली आणि सिन्नर, येवला, नांदगावकडची मेंढरं चाऱ्यासाठी बागायती पट्ट्याकडे सरकायला लागली की ही तक्रार हमखास येते. कुत्रा एरवी गुणी असतो. कोकरांत लोळतो, रात्री वाड्याभोवती, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामाभोवती, फिरून भुंकतो, अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही. पण मोकळ्या रानात धसकटातून ससा उठला की तो गेलाच. मागून कितीही हाका मारा, शिट्ट्या घाला, काही फरक पडत नाही. बऱ्याच वेळाने जीभ बाहेर काढून, पायात सराटे घेऊन परत येतो. तोवर मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात घुसलेली असतात आणि शेतमालक बांधावर उभा असतो. दुसऱ्या दिवसापासून कुत्र्याचं लक्ष मेंढरांवरून उडतं आणि तो झुडपं न्याहाळतच चालतो.

हीच तक्रार दिंडोरीच्या द्राक्षबागांत राखणीला अल्सेशियन ठेवणाऱ्यांची असते, आणि पहाटे पांडवलेणीच्या डोंगराकडे किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला कुत्रा फिरायला नेणाऱ्यांचीही. अल्सेशियन म्हणजे जर्मन शेफर्ड, तोही मूळचा मेंढरांमागचाच कुत्रा. म्हणून कारण सगळीकडे एकच आहे आणि उपायही बराचसा एकच आहे.

लोक यावर काय करतात? मारतात, दिवसभर बांधून ठेवतात, एक वेळची भाकरी तोडतात. सोडला की पुन्हा तेच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा हा प्रकार आहे.

आधी कायद्याचं बोलू

काही जण उलटाच प्रश्न विचारतात. पळतोच आहे तर त्याला सशावर नीट तयार करता येईल का? नाही, आणि त्यासाठी या लेखात काही मिळणार नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली आपल्या रानातला ससा संरक्षित आहे. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. पाठलाग करणं, फासे लावणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं तिच्यात येतं. म्हणजे कुत्रा लावून ससा पळवला आणि तो निसटला, तरी गुन्हा व्हायचा तो झालेलाच असतो. शेत स्वतःचं आहे म्हणून सूट मिळत नाही. कैद आणि दंड, दोन्ही होऊ शकतात. पोरं हौसेने मोबाइलवर चित्रण करून टाकतात, तोच पुढे पुरावा ठरतो.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियातले व्हिडिओ बघून गैरसमज होतो. इंग्लंडात मेंढरं वळवणारा कोली जातीचा कुत्रा आणि शिकारी हाउंड यांच्या संकरातून तयार केलेले कुत्रे सशांवर वापरतात, त्यांना लर्चर म्हणतात. पण तिथे प्राणी दोन आहेत. एक बिळं करून वसाहतीने राहणारा, ज्याला ते रॅबिट म्हणतात, आणि दुसरा उघड्यावर राहणारा हेअर. २००४ च्या तिथल्या हंटिंग अ‍ॅक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्रे लावून हेअर मारणं बंद केलं. सूट आहे ती रॅबिटला, तीही जमीनमालकाच्या परवानगीने. ऑस्ट्रेलियात तर ससा बाहेरून आलेला. १८५९ साली व्हिक्टोरियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेने ते सोडले आणि पुढे त्यांनी कुरणंच्या कुरणं फस्त केली. त्यामुळे तिकडचा हिशोब वेगळा. आपल्या माळावरचा काळ्या मानेचा ससा इथलाच आहे आणि तो हेअरच्या जातीचा आहे. तो बीळ करत नाही. गवतात किंवा झुडपाखाली उथळ खळगा करून दिवसभर दबून बसतो आणि अगदी जवळ गेल्यावर पायाखालून उठतो. लांडगा, कोल्हा, खोकड, रानमांजर, मोठे गरुड, सगळे त्याच्यावर जगतात. त्याच्या मागे लागायची सवय झालेला कुत्रा तेवढ्यावर थांबतही नाही. येवल्यात ममदापूरच्या बाजूला काळविटं आहेत. सशावर चटावलेला कुत्रा उद्या पाडसामागे जातो, आणि मग वनखात्याचा माणूस वाड्यावर येतो तो मेंढपाळाला शोधत.

बिघाड नेमका कुठे आहे

कुत्र्याच्या रक्तात शिकारीची एक साखळी असते. हेरणं, नजर रोखणं, दबत पुढे जाणं, पाठलाग करणं, धरणं, मारणं, खाणं. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी कुत्रे निवडत निवडत ही साखळी वेगवेगळ्या ठिकाणी लांबवली किंवा तोडली. बॉर्डर कोलीमध्ये नजर रोखणं, दबणं आणि पाठलाग एवढा भाग वाढवला आणि धरण्या-मारण्याचा भाग दाबला. म्हणून तो मेंढी वळवतो, फाडत नाही. राखणीच्या कुत्र्यांत ही जवळजवळ सगळी साखळीच मंद ठेवली. तो कळपात पडून राहतो आणि लांडगा दिसला तरच उठतो. नजरेने शिकार करणाऱ्या हाउंडमध्ये पाठलाग आणि धरणं, दोन्ही टोकाला नेलं. आपल्याकडचा कारवान, मुधोळ, पश्मी हे सगळे यातले.

आपला धनगरी कुत्रा मुळात राखणीचा. कोलीसारखं मेंढरं वळवायचं काम त्याला कुणी दिलेलं नाही, ते काम मेंढका काठीने आणि आवाजाने करतो. पण गेल्या काही वर्षांत दिसायला उंच, सडपातळ, पळायला जोरकस म्हणून कारवानचं रक्त त्यात बरंच मिसळलं गेलं आहे. यात्रेत, बाजारात लोक पिलाचे लांब पाय बघून पैसे देतात. मग तोच कुत्रा ससा बघून सुटला की तक्रार करतात. त्याने त्याच्या रक्तातलंच काम केलेलं असतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे आपला कुत्रा यातला कुठला ते ओळखणं. त्याला माळावर मेंढरांबरोबर सोडा आणि काहीही न बोलता बघत बसा. मेंढरं हलली तरी तो पडून राहत असेल, डोकं खाली ठेवून कोकरांना वास घेऊ देत असेल, तर तो राखणीचा आहे. त्याचं सशामागे जाणं बहुतेक वेळा तरुण वयातला खेळ असतो आणि ती सवय लवकर जाते. मेंढरं हलली की तो उठत असेल, कडेने फिरून डोकं खाली घालून रोखून बघत असेल, तर तो वळवणाऱ्या वळणाचा आहे. अल्सेशियन बरेचसे यात येतात. त्याला काम दिलं नाही तर तो काम शोधतो, आणि ससा हे त्याला सापडलेलं काम असतं. मेंढरांकडे त्याचं लक्षच नसेल, मान उंच करून लांबवर क्षितिजाकडे बघत उभा राहत असेल, तर त्यात हाउंड आहे. हा सगळ्यात अवघड.

आता मुद्द्याची गोष्ट. ससा हातात येवो न येवो, कुत्र्याला बक्षीस पळण्यातच मिळतं. बहुतेक लोक म्हणतात, एकदा खाल्लाय ना त्याने, म्हणून बिघडला. खाण्याने भर पडते हे खरं, पण नुसत्या पळण्यानेही तो तितकाच बिघडतो. आपला ससा सरळ पळत नाही, वेडीवाकडी वळणं घेत जातो आणि दहापैकी बऱ्याच वेळा सुटतो. तरी कुत्रा दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. याचाच अर्थ, प्रत्येक पाठलाग हा त्याच्यासाठी सराव आहे आणि सरावाने तो पक्का होत जातो. परत आल्यावर मारलं तर पाठलागाशी त्या माराचा संबंध त्याच्या डोक्यात लागतच नाही. मालकाजवळ गेलं की मार बसतो, एवढंच त्याला कळतं. मग तो परत यायला आणखी उशीर लावतो. मारणाऱ्याला वाटतं, आणखी निर्ढावला.

घरचीच कारणं आधी काढून टाका

दोर आणि शिकवणी यांच्याकडे वळण्याआधी काही गोष्टी तपासा. निम्म्या ठिकाणी मूळ तिथेच सापडतं.

सगळ्यात आधी बघा की कुणी त्याला "छू" करतंय का. वाड्यावरची पोरं, शेतावरचे गडी, कधी शेतमालक स्वतः. ससा दिसला की "छू छू" करून कुत्रा सोडायचा, ही आपल्याकडे करमणूक समजली जाते. खार, सरडा, घोरपड, डुक्कर, काहीही चालतं. एकाने महिनाभर शिकवायचं आणि दुसऱ्याने एका संध्याकाळी उधळून लावायचं, असं होत असेल तर कुत्र्याला दोष देऊ नका. वाड्यावरच्या प्रत्येकाला, लहान पोरांनासुद्धा, बसवून सांगा. आणि "छू" हा शब्द लांडगा-बिबट्यासाठी वापरायचा असेल तर तो दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही.

दुसरं, भूक. बाजरीची भाकरी आणि ताक एवढ्यावर दिवसभर चालणाऱ्या कुत्र्याचं भागत नाही. अंडं, उकडलेले कोंबडीचे पाय-मुंड्या, डाळ, दूध, जे परवडेल ते रोज द्या आणि ठरल्या वेळी द्या. भुकेला कुत्रा रात्री आपण होऊन शिकारीला निघतो. मात्र मेलेल्या मेंढीचा मेंदू, फुप्फुसं, काळीज कच्चं टाकू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात, त्यांची अंडी चाऱ्यावर पडतात, आणि मग मेंढरू मान वाकडी करून एकाच जागी गोल फिरायला लागतं. त्या गिड रोगाचं मूळ बऱ्याचदा आपल्याच कुत्र्यात असतं. द्राक्षबागेतल्यांनी तर खाली पडलेले घड आणि बेदाणेही कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नयेत. त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

तिसरं, जोडी. एकटा कुत्रा कधी कधी हाकेवर थांबतो. दोन असले की एकमेकांना चढवतात आणि ऐकत नाहीत. शिकवणी चालू आहे तोवर दोघांना एकत्र मोकळं सोडू नका. आणि वय. आठ महिने ते दीड वर्ष हा काळ सगळ्यात वाईट. या वयात अंगात ताकद आलेली असते, अक्कल यायची असते. याच काळात लोक म्हणतात, लहानपणी किती ऐकायचा.

दोर

खरा उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. पाठलाग सुरूच होऊ द्यायचा नाही. त्यासाठी दहा ते पंधरा मीटरचा हलका दोर लागतो. शेळीचं दावं चालणार नाही, फार आखूड. दोर गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका. कुत्रा पूर्ण वेगाने दोराच्या टोकाला जाऊन अडकला तर मानेला इजा होते. छातीवरून जाणारा रुंद पट्टा घ्या किंवा जुन्या बैलगाडीच्या नाड्यांचा शिवून घ्या, आणि दोर पाठीवर बांधा. दोर हाताला कधीही गुंडाळू नका, बोटं जातात. दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारा आणि पायाखाली दाबून धरायची सवय करा.

पहिले दोन आठवडे कुत्रा दोराशिवाय रानात जाणार नाही. कंटाळा आला, आज काम आहे, असं म्हणून एकदा सोडला की मागचे दिवस वाया. हा काळ नुसता सराव तोडण्यासाठी आहे.

याच काळात वाड्यावर नवी हाक शिकवा. नाव आणि "यू यू" हे दोन्ही झिजलेले असतात. तुम्ही ते इतक्या वेळा ओरडलेले असतात की त्यांना काही अर्थ उरलेला नसतो. नवी शिट्टी घ्या किंवा दोन अक्षरी नवा शब्द ठरवा, आणि तो फक्त चांगल्या वेळी वापरा. संध्याकाळची भाकरी हातात घ्या, शिट्टी द्या, आला की द्या. मग दहा पावलांवरून, मग झाडाआडून, मग मेंढरांत असताना. या शिट्टीनंतर कधीही मारायचं नाही, बांधायचं नाही, ओरडायचं नाही. बांधायला बोलवायचं असेल तर दुसरा शब्द वापरा.

आता रानात. कुत्रा सुटण्याआधी खूण देतो, आणि ती ओळखता आली की अर्धं काम झालं. चालता चालता तो थबकतो. उघडं तोंड मिटतो. कान पुढे, शेपटी ताठ, कधी पुढचा एक पाय उचललेला. तोंड मिटणं ही सगळ्यात भरवशाची खूण. हा क्षण फार लहान असतो. शिट्टी द्यायची ती याच क्षणी. एकदा चारही पाय उचलले की मग शिट्टी देऊ नका, नुसता दोर दाबा. पळत्या कुत्र्याला हाका मारत राहिलं तर हाक न ऐकताही चालतं, एवढंच तो शिकतो. हाक वाया घालवू नका.

शिट्टीवर त्याने मान वळवली की काय करायचं? बहुतेक लोक तिथे थोपटतात किंवा तुकडा देतात. मी म्हणतो, वळा आणि उलट्या दिशेला स्वतः पळत सुटा. त्याला पळण्याचीच हौस आहे ना, तर पळणंच बक्षीस द्या, फक्त तुमच्या बाजूला. दहा-वीस पावलं बरोबर पळा, मग थोपटा, मग तुकडा द्या. अंगात वळवण्याची किंवा हाउंडची ओढ असलेल्या कुत्र्यावर नुसत्या भाकरीपेक्षा हे कितीतरी जास्त लागू पडतं, कारण पोट भरलेलं असलं तरी पळण्याची भूक राहतेच.

त्याच्या जोडीला एक खेळ रोज संध्याकाळी करा. लांब काठीला दोरी, दोरीच्या टोकाला जुनं फडकं. फडकं जमिनीवरून गोल फिरवा, कुत्रा मागे पळेल. मध्येच फडकं थांबवून "थांब" म्हणा. तो थांबून तुमच्याकडे बघेपर्यंत फडकं हलवू नका. बघितलं की पुन्हा पळू द्या. पळता पळता थांबायचं कसं, हे तो इथेच शिकतो, ते ससा समोर असताना शिकवता येत नाही. याने पाठलागाची सवय वाढेल अशी भीती काहींना वाटते. खेळ कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा हे कुत्रा ठरवत असेल तर वाढेलच. तुम्ही ठरवत असाल तर तीच ओढ तुमच्या हातात येते.

दोन आठवड्यांनी दोर हातातून सोडून जमिनीवर फरफटू द्या, लागला तर पाय ठेवता येईल एवढ्या अंतरावर राहा. मग दोर आखूड करत न्या. मोकळा सोडायचा तो आधी दुपारी, मोकळ्या पडीक रानात, जिथे ससा क्वचितच उठतो. ससे दिवेलागणीला आणि झुंजूमुंजूला चरायला निघतात. ऊसतोड चालू असलेल्या फडाच्या कडेला, हरभऱ्याच्या आणि भुईमुगाच्या वावराशेजारी ते सगळ्यात जास्त. या जागी आणि या वेळी दोर शेवटपर्यंत राहू द्या. कुत्रा सुधारला असं लोकांना फार लवकर वाटतं.

जे करू नका

विजेचा झटका देणारे पट्टे आता ऑनलाइन सहज मिळतात. माझा त्यांना स्पष्ट विरोध आहे, आणि मेंढरांच्या कुत्र्यासाठी तर दुप्पट. झटका बसतो त्या क्षणी कुत्र्याच्या डोळ्यांसमोर जे असेल त्याच्याशी तो वेदना जोडतो. समोर ससा असेल असं तुम्ही धरून चालता, पण शेजारून कोकरू गेलं तर? कोकरांना घाबरणारा किंवा त्यांच्यावर दात काढणारा राखणदार तुम्ही स्वतःच्या हाताने तयार कराल.

गळ्यात लोढणं बांधण्याची पद्धत जुनी आहे आणि ती फक्त आपल्याकडची नाही. रुमानियात मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात आडवी काठी टांगतात, ती याच कारणासाठी. पुढच्या पायांना लागते, वेग घेता येत नाही. मोकळ्या माळावर, दिवसा, थोड्या दिवसांसाठी हलकं लोढणं चालेल. पण बाभळीच्या-घाणेरीच्या रानात ते अडकतं, आणि रात्री ते काढलंच पाहिजे. बिबट्या आला तर लोढणं बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही आणि झुंजूही शकत नाही.

पिंजऱ्यातला पांढरा ससा समोर बांधून कुत्र्याला मारणं, मेलेला ससा गळ्यात अडकवणं, असले प्रकार अजूनही होतात. पहिला प्रकार प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० खाली क्रौर्य ठरतो. दुसऱ्यात मेलेला वन्यप्राणी जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. आणि दोन्हींचा उपयोग शून्य.

रात्रीचा वाडा

इथे नाशिक जिल्ह्याची गोष्ट वेगळी आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. निफाड, सिन्नर, दिंडोरीचा ऊस बिबट्यांनी भरलेला आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्याच्या खाण्यातला सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. सशामागे अंधारात वाड्यापासून लांब जाणारा कुत्रा उसाच्या कडेलाच जातो, आणि काही वेळा तो परतच येत नाही. लोक समजतात पळून गेला.

म्हणून दिवेलागणीआधी कुत्रा वाड्यावर आलेला असला पाहिजे. पण ससे पळवतो म्हणून त्याला वाड्यापासून लांब खुंटीला एकटा बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला ताट वाढणं. वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, आत, मेंढरांत, किंवा माणसं झोपतात त्यांच्या मधोमध ठेवा. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला. बांधायचाच असेल तर दोर एवढा तरी लांब ठेवा की त्याला वळता येईल आणि मेंढरांत शिरता येईल.

बिबट्याखेरीज विहिरी आहेत. शेतातल्या कितीतरी विहिरींना कठडा नाही, आणि पूर्ण वेगाने पळणाऱ्या कुत्र्याला त्या दिसत नाहीत. रानडुकरांसाठी लावलेले तारेचे फासे आहेत, कुंपणात सोडलेला वीजप्रवाह आहे, पुणे आणि आग्रा महामार्ग आहेत. आणि ऊन. मालेगाव-नांदगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो. त्या उन्हात सशामागे पळून आलेला कुत्रा धापा टाकत असेल, जीभ गडद लाल झाली असेल, पाय लटपटत असतील, तर तो उष्माघात आहे. सावलीत घ्या, पोट, काखा आणि पाय पाण्याने भिजवत राहा, वारा घाला, शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पाजा आणि पशुवैद्यकासाठी १९६२ ला फोन करा. ओलं गोणपाट अंगावर गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते.

ससा धरलाच तर

ओरडू नका, पाठीमागे पळू नका. पाठलाग केलात तर तो लांब जाऊन खाऊन टाकेल. नव्या शिट्टीवर बोलवा, बदल्यात भाकरी द्या, दोर लावा. ससा जिवंत असेल आणि जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरी आणून पाळायचा नाही. मेलेला असेल तरी घरी न्यायचा नाही, शिजवायचा तर मुळीच नाही. कुत्र्याने आतडी खाल्ली असतील तर त्याला पट्टकृमी होण्याची दाट शक्यता आहे. पशुवैद्यकाला विचारून वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेल असलेलं औषध द्या, आणि दर तीन महिन्यांनी जंताचं औषध चालू ठेवा. कोल्ह्या-लांडग्याशी गाठ पडलेल्या कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी असलीच पाहिजे. त्याने कुत्रा वाचतो, तुम्ही वाचता आणि माळावरचे लांडगेही वाचतात.

कुत्र्याने गवतात सशाची पिलं शोधून काढली तर त्यांना हात लावू नका. सशाची पिलं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेली असतात. आई त्यांना एकटं ठेवून लांब राहते आणि अंधारात येऊन पाजून जाते. ती टाकून दिलेली नसतात. कुत्रा तिथून न्या आणि दोन-चार दिवस ती वाट सोडा.

शेतमालक म्हणतो, कुत्रा इथेच ठेवा

हरभरा, सोयाबीन, रोपवाटिका, नव्या द्राक्षवेलींचे कोंब, हे सगळं ससा कुरतडतो. मेंढरं खतासाठी वावरात बसवायला बोलावलेला मालक मग म्हणतो, कुत्रा सोडा सशांवर. त्याचं नुकसान खरं आहे, त्याला उडवून लावू नका. पण कुत्रा चार रात्री असतो, ससा वर्षभर. रोपवाटिकेभोवती बारीक डोळ्यांची कोंबडीजाळी कमरेएवढी लावायला सांगा, खालचा वीतभर पदर बाहेरच्या बाजूला दुमडून मातीने दाबायचा. नव्या वेलींच्या बुंध्याला जाळीचं नळकांडं. एकदा खर्च होतो आणि काम होऊन जातं.

काहीच लागू पडलं नाही तर

तीन-चार महिने नेमाने दोर वापरूनही कुत्रा सुटत असेल, तर त्यात हाउंडचं रक्त जास्त आहे असं समजा. त्याला मेंढरांमागे दिवसा मोकळं सोडायचं नाही. दिवसा दोरावर, रात्री वाघरीत राखणीला. अशा कुत्र्याची नजर आणि कान तेज असतात, रात्रीच्या राखणीला तो बऱ्याचदा उत्तम निघतो. त्याची पिलं मात्र घेऊ नका, नर असो की मादी, नसबंदी करून टाका.

आणि पुढचं पिल्लू घेताना त्याचे पाय बघू नका, त्याची आई बघा. ती ज्या वाड्यावर आहे तिथे एक दिवस जाऊन बसा. मेंढरं उधळली की ती काय करते, रानातून टिटवी ओरडली, काही हललं, की ती उठून जाते का मेंढरांतच थांबते, हे पाहा. तिथेच थांबणाऱ्या कुत्रीचं पिल्लू घ्या. दोन महिन्यांचं झालं की आणा आणि पुढचे दोन महिने ते कोकरांतच वाढू द्या, कोकरांतच झोपू द्या. फक्त एक गरीब स्वभावाची म्हातारी मेंढी त्यांच्यात ठेवा, म्हणजे पिलाने कोकराची शेपटी ओढायला सुरुवात केली की ती त्याला ढुशी देईल.